जमादाराचा बटवा

माधवनगरच्या त्या दोन खोल्यांत कुणाला हाक मारून उठवावं लागत नसे. सकाळी साडेसहाला गिरणीचा भोंगा व्हायचा आणि मांडणीवरच्या वाट्या एकमेकींवर थरथरायच्या. भोंगा थांबला की भिंतीपलीकडून सूतगिरणीची घरघर ऐकू येई. ती इतकी अंगवळणी पडली होती की सुटीच्या दिवशी यंत्रं बंद झाली म्हणजे मामी काहीतरी उतू गेल्यासारखी दचकून चुलीकडे बघायची. कापसाची पिंज सगळीकडे असे. उशीवर, देवाच्या तसबिरींवर, दुधावरच्या सायीत. भाकरीचं पीठ मळण्याआधी मामी परातीवर एक लांब फुंकर मारायची. भाकरीबरोबर बहुतेक दिवशी घेवड्याची आमटी असे, कारण घेवडा मेढ्याहून माझी आई पाठवायची, आणि मी तिथं राहायला गेल्यापासून जरा जास्तच पाठवायची. माझ्या खाण्याची नाही, माझ्या असण्याची भरपाई म्हणून.

मला मेढ्याहून मामाकडे का धाडलं, हे सांगायला यादीच करावी लागेल. आज मी याद्या करणारा माणूस म्हणून ओळखला जातो. घरातल्या फ्रिजवर माझी एक यादी असते, मोबाइलमध्ये दुसरी, आणि प्रवासाला निघताना बायको विचारते, "श्वास घ्यायचं लिहिलंय ना?" तेव्हा मी तसा नव्हतो. विसाव्या वर्षापर्यंत मी हरवलेल्या वस्तू अशा: वडिलांची सायकल, जी बाजारात टेकवून मी एस.टी.नं घरी आलो. बहिणीच्या लग्नपत्रिकांचा अख्खा गठ्ठा. आयटीआयचं एक वर्ष. आणि एक म्हैस. म्हैस दुसऱ्या दिवशी आपणहून परत आली, तेव्हा वडील म्हणाले, "हिला तरी घर ठाऊक हाय." त्याच आठवड्यात माझी पिशवी भरली गेली.

मामा, रंगराव, आईचा थोरला भाऊ. फौजेतून आला आणि गिरणीच्या फाटकावर जमादार झाला. जमादार म्हणजे राखणदारांचा मुख्य. गिरणीची स्वतःची राखण होती, सरकारी पोलिसांशी तिचा संबंध नव्हता. पण खाकी कपडे, पितळी बिल्ला आणि मिशी असा जामानिमा असल्यामुळे माधवनगरची पोरं मामाला पोलीसच समजत. ही जागा मामाच्या आधी मामीच्या वडिलांकडे होती. मालकांचा जुना शिरस्ताच तसा: फाटक एका घराकडे सोपवायचं, मग ते त्या घरातच ठेवायचं, आणि फाटकामागच्या दोन खोल्याही त्याच घराला द्यायच्या. म्हणजे मामी ज्या खोलीत जन्मली, त्याच खोलीत भाकऱ्या थापत होती.

जमादाराचं मुख्य काम दुपारी तीनला, पहिली पाळी सुटताना. कामगारांनी सूत बाहेर नेऊ नये म्हणून झडती घ्यायची. सगळ्यांची घ्यायला वेळ नाही आणि निवडून घ्यावी तर निवडलेला भांडतो. म्हणून मामाकडे बटवा होता. मामाच्या जुन्या फौजी पँटीतून मामीनं शिवलेला, आत तिच्या वडिलांच्या वेळच्या काचेच्या गोट्या: चाळीस दुधी, दोन लाल. बाहेर पडणाऱ्यानं बटव्यात हात घालायचा, गोटी काढून दाखवायची, परत टाकायची. दुधी आली तर घरी. लाल आली तर केबिनमध्ये झडती. बायकांची झडती शेवंतामावशी पडद्याआड घ्यायची. नशिबाशी कोण भांडणार? मामा अभिमानानं सांगायचा, "माझ्या फाटकावर दुजाभाव न्हाई, दिन्या. बटव्याला डोळं नसत्यात."

एका सोमवारी मामा चहाची बशी तोंडाला लावता लावता कलंडला. मिरजेच्या दवाखान्यातून बारा दिवसांनी घरी आणला तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि सगळ्या भाषेतला एकच शब्द शिल्लक होता: व्हय. पाणी पाहिजे? व्हय. नको? व्हय. डोळ्यांवरून वाटायचं की आत सगळं जागच्या जागी आहे, पण बाहेर यायला ही एकच वाट.

मॅनेजरसाहेब स्वतः भेटायला आले. खुर्चीत टेकून म्हणाले, "वहिनी, शिरस्ता तुम्हाला माहीत आहे. घरातला माणूस फाटकावर उभा राहिला तर खोल्या तुमच्याच. नाही तर मला बाहेरचा जमादार नेमावा लागेल, आणि त्याला राहायला जागा द्यावी लागेल."

मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. मामीनं खोलीत एकदा सगळीकडे पाहिलं. मामा खाटेवर. मी दारात, तोंडात शेंगदाणे. "हा हाय की," ती म्हणाली. मी मागे वळून बघितलं, कोण आलंय ते.

अशी मला पोलिसी मिळाली. मामाची खाकी पँट कमरेत दोन वीत सैल होती, मामीनं ती टाचून दिली. फाटकावर कसं उभं राहायचं हे मला बापू जॉबरनं शिकवलं. जॉबर म्हणजे खात्यातल्या कामगारांचा म्होरक्या. बापू गिरणीत तीस वर्षं होता आणि मामाचा जिवलग. संध्याकाळी मामाच्या खाटेशी बसून त्याला पेपर वाचून दाखवायचा, मामा व्हय व्हय म्हणायचा. निवृत्तीला सहा महिने राहिले होते. पहिल्याच दिवशी त्यानं मला बटवा कसा धरायचा ते दाखवलं. "छातीपाशी धर. आन् मानूस हात घालतोय तवा खाली बघायचं न्हाई. वर पत्र्याकडं बघायचं. म्हंजी कुनाला वाटाय नगं, जमादार बघून देतोय."

मी इमानानं पत्र्याकडे बघत उभा राहिलो. दहा दिवसांत तिथली चिमण्यांची चार घरटी मला पाठ झाली. खाली काय चाललंय ते मात्र कळत नव्हतं. लाल गोटी रोज एखाददुसऱ्यालाच यायची आणि ती नेहमी ठेक्यावरच्या बायकांना यायची. या बायका म्हसवडकडच्या, मेंढक्यांच्या घरातल्या, नुकत्या कामाला लागलेल्या. गिरणीमागे पत्र्याच्या खोल्यांत राहायच्या. तिथं नळाला पाणी साडेतीनपर्यंतच असे. झडतीत पाव तास गेला की नळ गेला आणि मग विहिरीपर्यंतची पायपीट. त्यांच्यात सुमन नावाची एक होती, माझ्याच वयाची, काटकुळी, नजर सरळ. आठवड्यात तिसऱ्यांदा लाल गोटी काढल्यावर तिनं ती माझ्या नाकासमोर धरली.

"आवं जमादार, ही पिशवी आमच्या हाताला वळखती काय?"

"नशीब असतंय ज्याचं त्याचं," मी म्हणालो. मामाचं वाक्य.

"नशीब म्हसवडास्नं आमच्याबरूबर आलं व्हय? बाकीच्यास्नी ते घावतच न्हाई?"

मी हसलो. बाकीचे कामगारही हसले. आज आठवतं ते हे, की ते माझ्यापेक्षा जरा जास्त हसले होते.

दुसऱ्या गुरुवारी मी मामाची औषधं आणायला सांगलीला गेलो, बटवा खिशात ठेवूनच. औषधं घेतली, घाटावर बसून भडंग खाल्लं, नदीत पोहणाऱ्यांना टाळ्या वाजवल्या आणि माधवनगरला उतरल्यावर खिसा चाचपला. बटवा नव्हता. हरवण्याचा मला सराव होता, त्यामुळे लपवण्याचाही होता. आल्या पावली परत गेलो, घाट धुंडाळला, औषधाच्या दुकानाचं डोक्यातच आलं नाही; मग गणपती पेठेतल्या खेळण्यांच्या दुकानातून चाळीस दुधी आणि दोन लाल गोट्या घेतल्या, घरी येऊन मामाच्या ट्रंकेतल्या जुन्या पँटीचा खिसा कापला, त्यात नाडी ओवली. नवा बटवा जुन्यासारखाच दिसत होता. कोण ओळखणार?

शुक्रवारी तीनला पहिली लाल गोटी आली ती कांडी खात्यातल्या एका जुन्या कामगाराला. तो गोटीकडे बघतच राहिला. मग दुसरी, तिसरी. त्या दिवशी सहा जणांना आली आणि त्यांतले पाच जुने. झडतीत काही सापडलं नाही, पण चेहरे असे की मीच त्यांच्या खिशातून काही काढून घेतलंय. शनिवारी तेच. सोमवारी लोक बटव्यात हात घालून ढवळत बसले, रांग आतपर्यंत गेली. "तुझ्या मामाच्या राज्यात असं न्हवतं!" "ह्येनं लाल वाढवल्यात!" "मापात ऱ्हा, जमादार!" मी केबिनचं दार लावून गोट्या मोजल्या. चाळीस आणि दोन. परत मोजल्या. चाळीस आणि दोन. माझं काहीतरी चुकलंय एवढं नक्की होतं, पण काय, ते कळेना. हरवलेली वस्तू मी तंतोतंत परत केली होती. मग गिरणीत एवढं काय बिघडलं?

सुमन मंगळवारी दुधी गोटी नाचवत म्हणाली, "चार दिस झालं, लाल जुन्यास्नी बी याय लागली. पिशवीला आंगुळ घातली काय?" आणि हंडा भरायला पळाली.

बुधवारी बापू जॉबरला लाल आली.

मी पत्र्यावरून नजर खाली आणली तेव्हा बापू तळहातावरची गोटी अंगठ्यानं फिरवत होता, तिच्यात काही शोधत असल्यासारखा. मग तो स्वतःच केबिनमध्ये चालत गेला. मला वाटलं, नावापुरतं बघू आणि चहा मागवू. डबा उघडला, रिकामा. खिसे, रिकामे. बापूकडे उन्हाळा-पावसाळा एक काळी छत्री असायची. टेबलावर जागा करायला मी ती उचलली, ती जड लागली. उघडली. सुतानं भरलेल्या चार बॉबिनी टपाटप फरशीवर पडल्या.

"हे काय, बापू?"

"सूत."

"ते दिसतंय."

"मग इचारतूस कशाला?"

मी बॉबिनी उचलल्या. बापू बाकावर टेकला. "ह्यो बटवा रंगरावचा न्हवं," तो म्हणाला. "गोट्या गार लागत्यात. रंगरावचा आन, मग लिव्ह माझं नाव. आन् लिवायच्या आदी त्येला इचार, बापूला किती वर्सं वळखतूस म्हनावं." छत्री मिटून तो निघून गेला. मी झडतीचं रजिस्टर उघडलं, मिटलं आणि बॉबिनी ड्रॉवरमध्ये कोंबल्या.

तासाभरानं साहेबांचा निरोप आला: कामगारांच्या तक्रारी आल्यात. उद्या सकाळी नऊला रजिस्टर घेऊन या. काही पकडलं असेल तर बोलू. नुसताच लोकांना त्रास चालला असेल तर दुसरा माणूस बघावा लागेल. म्हणजे हिशेब सरळ होता. पान कोरं राहिलं तर खोल्या जाणार. पान भरलं तर बापू जाणार.

घरी आलो तेव्हा मामी परातीत पीठ घेऊन बसली होती. माझं तोंड बघून उठली, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि जुना बटवा काढून माझ्यासमोर ठेवला. पिठानं पांढरा झालेला.

"औषदाच्या दुकानात इसरला हुतास. एक औषद आनायचं ऱ्हायलं म्हनून मी शुक्कारी गेले, तवा त्येनं दिला."

"शुक्रवारी? मग मला दिला का न्हाईस?"

"तू सांगतूस का बघत हुते." ती परत पिठाकडे वळली. "पँट बी कापलीस. मांजरानं मासा लपवावा तसं लपवत हुतास."

मी दोन्ही बटवे घेऊन मामाच्या खाटेशी बसलो. जुन्यात हात घातला, नव्यात घातला. परत जुन्यात. नव्यातल्या गोट्या सगळ्या सारख्या, गुळगुळीत. जुन्यात बोटांना काहीतरी वेगळं लागलं: एका गोटीला एका बाजूला सपाट चकती, नखाएवढी. बाहेर काढली. लाल. अजून चाचपत गेलो. दुसरीलाही तशीच चकती. तीही लाल. बाकीच्या चाळीस गोल. एखाद्या गोटीचा टवका पडल्यानं उडू शकतो. दोन्ही लाल गोट्या तेवढ्याच, तशाच घासल्या जात नाहीत. जुन्या हातांना ती चकती ठाऊक होती, ते ती सोडून दुसरी उचलत होते. नव्या बायकांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी पत्र्याकडे बघत होतो.

"मामा," मी गोटी त्याच्या डोळ्यांसमोर धरली, "तुला हे ठावं होतं?"

"व्हय."

मग वाटलं, खात्री करावी. "न्हवतं ठावं?"

"व्हय." मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं डाव्या हातानं गोटी घेतली आणि चकतीवर अंगठा ठेवला. तो नेमका तिथं ठेवला की सहज पडला, हे मला आजही सांगता येत नाही.

"तू घासल्यास?"

"व्हय."

"बापूनं?"

"व्हय. व्हय." आता तो चिडला होता, खाटेवर हात आपटत होता.

"त्येंला नगं इचारूस," मामी आतून म्हणाली. "सकाळी इचारलं दूद देऊ का इख देऊ, तवाबी व्हयच म्हनालं."

"मग तू सांग. गोट्या तुझ्या वडलांच्या हुत्या. ह्या घासल्या कुनी?"

फुंकरीचा आवाज आला, परातीवरची. मग ती म्हणाली, "माझ्या बाच्या वक्तालाबी अशाच हुत्या का, मला काय म्हाईत? मी कदी हात घातला न्हाई." तिचा चेहरा मला दिसत नव्हता. मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि बापूचं सगळं सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत राहिली.

"बापूनं माझ्या बाळंतपनात, मूल गेलं तवा, तुझ्या मामाला धरून ठिवला हुता," ती म्हणाली. "त्ये बी खरं हाय."

"मग काय लिहू?"

"छत्रीतनं काय पडलं?"

"बॉबिनी."

"कुनाच्या छत्रीतनं?"

"बापूच्या."

"किती?"

"चार."

"मग त्येवढं लिव्ह. कोन कुनाला किती वर्सं वळखतो, ते लिवायला त्या वहीत रकाना हाय का?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आन् खोलीचं म्हनशील तर, मी हितं जल्मले म्हनून हितंच मराय पायजे असं न्हाई. खोलीसाटनं लिवू नगंस. लिवायचं असंल तर बघितलंस म्हनून लिव्ह."

मला तेव्हा हे नीट समजलं नाही. आज मी एका मोठ्या गोदामाचा व्यवस्थापक आहे. फाटकावर कॅमेरे आहेत, झडती कुणाची घ्यायची ते यंत्र ठरवतं आणि हाताखालच्या पोरांना मी बजावतो की अहवालात फक्त दिसलं ते लिहा, वाटलं ते नको. पोरांना वाटतं मी कुठल्या तरी शिबिरात शिकून आलोय.

नऊ वाजता काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण त्यात फार काही नाही. साहेबांनी रजिस्टर वाचलं, ड्रॉवरमधल्या बॉबिनी मागवल्या, बापूला त्याच दिवशी कामावरून कमी केलं. खोल्या राहिल्या. मामा त्यानंतर चार वर्षं जगला. त्याला पेपर वाचून दाखवायला परत कुणी आलं नाही, मी वाचायचो तर तोंड भिंतीकडे करायचा. फाटकावर नवा बटवा राहिला. सुमनला अधूनमधून लाल यायची, तेव्हा ती मला ठेवणीतल्या शिव्या द्यायची, पण पिशवीला काही म्हणायची नाही.

मला सांगायचंय ते त्या सकाळचं, सातच्या आधीचं. मी केबिनमध्ये रजिस्टर उघडून बसलो होतो. रात्रभर जुळवलेलं वाक्य लिहून झालं होतं: नाव, खातं, छत्रीत चार बॉबिनी. बापू दारात आला. कपडे इस्त्रीचे, दाढी केलेली.

"इचारलंस रंगरावला?"

"इचारलं."

"काय म्हनाला?"

"व्हय म्हनाला."

बापू हसला. खरंच हसला, खांदे हलेपर्यंत. मग आत येऊन त्यानं रजिस्टर स्वतःकडे फिरवलं, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून ती अक्षर अक्षर वाचली. मला वाटलं, आता तो पान फाडेल, किंवा मामाचं असं काही सांगेल की मलाच ते फाडावं लागेल.

"पाच कर," तो म्हणाला.

"चारच पडल्या, बापू."

"येक कमरंला हुती." त्यानं सदऱ्याखालून पाचवी बॉबीन काढून टेबलावर ठेवली, सुताचं टोक नीट गुंडाळलेलं. "तू कंबर चाचपलीच न्हाईस. रंगरावनं पयली कंबर धरली असती."

मामानं त्याची कंबर कधी धरली होती? चकती ठाऊक असलेल्या बापूला लाल गोटी कधी आलीच नसणार, मग मामा झडती कशी घेतो हे त्याला कसं ठाऊक? की हे फाटकावरच्या साऱ्यांनाच ठाऊक होतं? प्रश्न जिभेवर होते, आणि समोर असा माणूस होता ज्याला व्हयशिवाय दुसरे शब्द येत होते. मी विचारलं नाही. चारावर आडवी रेघ मारली, वर पाच लिहिलं.

बापू तिथंच उभा. "खाडाखोड केलीस तर शेजारी सही लागती," तो म्हणाला. "येवडं बी शिकवलं न्हाई का कुनी?" त्यानं माझ्या हातातून पेन घेतलं, पाचाच्या बाजूला जॉबरची मोठी, वळणदार सही केली, आणि मी वही मिटायला गेलो तसा माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांब," तो म्हणाला. "शाई वाळू दी."